दोन हाकांचा नियम

सत्तेचाळिसाव्या बैठकीला कॅप्टन नलिनी भोयर आत शिरली, तेव्हा ते यंत्र आधीच टेबलाच्या मधोमध येऊन बसलेलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं, राखाडी, वर एक बारीक हिरवा दिवा. कंपनीच्या कागदांत त्याचं नाव 'धीरज'. बैठकीचा वृत्तांत लिहून घ्यायला ठेवलंय, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. वैमानिकांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. त्याला मानाची जागा, त्याला कुणी हलवायचं नाही आणि त्याच्यासमोर सगळ्यांनी जपून बोलायचं.

"या, या. उन्हातून आलात," मनुष्यबळ विभागाचे प्रमुख अद्वैत कारखानीस म्हणाले. "आधी पन्हं घ्या."

"पन्हं नको, तारीख पाहिजे," सुमेध गजभिये उभ्या उभ्याच म्हणाला. नलिनी वैमानिक संघटनेची प्रमुख आणि हा तिचा चिटणीस. नलिनीहून सतरा वर्षांनी लहान आणि तिच्याहून दुप्पट तापट.

"तारखेवरच येतोय आपण. आम्ही तुमचं ऐकतोय."

"तीन वर्षं पाच महिने ऐकूनच राहिले ना तुम्ही! कान दुखत नाहीत का तुमचे?"

कारखानीस हसले. हसण्याआधी त्यांची नजर हिरव्या दिव्यावरून फिरून आली. नलिनीने ते पाहिलं.

'गरुडपथ' ही नागपूरहून देशभर विमानं उडवणारी कंपनी. तिच्या नऊशे वैमानिकांचा करार संपला होता आणि नवा करार एका खुर्चीवर अडला होता. कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या असतात. डावी कॅप्टनची, उजवी सहवैमानिकाची. दोन तासांच्या आतल्या उड्डाणांतून उजवी खुर्ची काढून टाकायची आणि तिथलं काम यंत्राला द्यायचं, हे कंपनीने ठरवलं होतं. सरकारची परवानगीही मिळाली होती. जुन्या कराराची मुदतवाढ एकतीस मेला संपत होती. तोवर नव्या करारात ती खुर्ची लिहिली गेली नाही, तर पहिली जूनपासून माणूस एकटा उडणार होता. म्हणून कंपनीला भांडायची गरजच नव्हती. नुसतं थांबलं तरी पुरत होतं.

कारखानीसांच्या शेजारी कॅप्टन माधव निनावे बसला होता. आता तो प्रशिक्षण विभागाचा प्रमुख. त्याआधी अकरा वर्षं तो नलिनीच्या उजव्या खुर्चीत होता. त्याच्याकडे पाहायचं नलिनी अजून टाळायची.

सात वर्षांपूर्वी भुवनेश्वरहून येताना, नागपूर पंधरा मिनिटांवर असताना, नलिनीच्या हृदयाचा ठोका चुकत गेला आणि तिची शुद्ध हरपली. डोळे उघडे होते, हात कंट्रोलवर होते. बाहेरून पाहणाऱ्याला ती विमान चालवतेय असंच वाटलं असतं. पण माधवने नियमाप्रमाणे विचारलं, "कॅप्टन, उंची पाहताय ना?" उत्तर नाही. त्याने पुन्हा विचारलं. उत्तर नाही. दोन हाकांना उत्तर आलं नाही, की समोरचा माणूस विमान चालवायच्या स्थितीत नाही असं धरायचं आणि मोठ्याने सांगून विमान आपल्या हाती घ्यायचं, हा दोन हाकांचा नियम. "कंट्रोल माझ्याकडे," माधव म्हणाला आणि एकशे बासष्ट माणसं घेऊन तो खाली उतरला. उपचार झाले, डॉक्टरांनी नलिनीला पुन्हा उडायची मुभा दिली. त्या वर्षी तिने माधवला भाऊबीजेला घरी बोलावलं आणि पुढेही बोलावत राहिली.

तोच माधव एकोणिसाव्या बैठकीत समोर बसून म्हणाला होता, "कॅप्टन भोयर, त्या दिवशी यंत्रानंही विमान उतरवलं असतं."

तेव्हापासून भाऊबीज बंद झाली.

आज नलिनीने पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर सरकवला. "चौदा दिवसांची नोटीस. एकोणीस मे, दुपारी बारा. त्यानंतर आमचं एकही विमान उडणार नाही. हवेत असेल ते उतरेल, प्रवासी उतरवेल, आणि तिथेच उभं राहील."

तिचा स्वर इस्त्री केलेल्या चादरीसारखा होता. कुठे एक सुरकुती नाही.

कारखानीसांनी कागद पाहिला. मग जावईबापूच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा हिरवाच होता. त्यांनी पन्ह्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि ग्लास त्या कागदावरच ठेवला.

"घेतली नोंद," ते म्हणाले. "पुढची बैठक एकोणीसलाच ठेवू या, सकाळी दहाला?"

माधव मात्र कागदाकडे पाहत नव्हता. तो नलिनीच्या गळ्याकडे पाहत होता.

जिन्यात सुमेधने भिंतीवर हात आपटला. "मॅडम, तो माणूस भ्यायला कसा नाही? नऊशे लोक थांबणार म्हणून सांगितलं आपण, आणि तो पन्हं पिऊन राहिला!"

"तो आपल्याला ऐकत नाही, सुमेध. तो दिव्याला ऐकतो."

"कोणत्या दिव्याले?"

"जावईबापूच्या."

त्या काळात एक बरा कायदा झाला होता. कुणी आपल्या शरीराचं किंवा आवाजाचं मोजमाप केलं, तर ते आपल्याला मागता यायचं आणि आठ दिवसांत द्यावं लागायचं. नलिनीने अर्ज केला. आठव्या दिवशी संघटनेच्या कार्यालयात एक जाड पाकीट आलं. सत्तेचाळीस बैठका, सत्तेचाळीस पानं.

वाचता वाचता तिला यंत्राचं कुळ कळलं. माणूस ताणाखाली आला की गळ्याचे स्नायू आवळतात. स्वरातली बारीक थरथर बदलते, शब्दांमधला श्वास आखूड होतो, वाक्याची सुरुवात आदळते. हे कानाला कळत नाही, पण यंत्राला कळतं. काही वर्षांपूर्वी संशोधकांनी असं दाखवलं, की चाळीस सेकंदांच्या बोलण्यावरून एखादा माणूस आणखी किती वेळ थांबू शकेल, हे बऱ्यापैकी सांगता येतं. कंपन्यांनी ते लगेच उचललं आणि तक्रारीच्या फोनवर बसवलं. लाखो चिडलेल्या माणसांचे आवाज ऐकून यंत्र एक गोष्ट पक्की शिकलं. माणूस आधी ओरडतो, मग थकतो, मग त्याचा आवाज सपाट होतो, आणि सपाट झाला की तो मिळेल ते घेऊन फोन ठेवतो. म्हणून ओरडणाऱ्याला सांभाळायचं आणि सपाट आवाजाच्या माणसाला आणखी थांबवायचं.

आता वैमानिकाचं पाहा. त्याला पहिल्या वर्षापासून उलटं शिकवलेलं असतं. इंजिनाला आग लागली, आवाज खाली. चाक उघडलं नाही, आणखी खाली. शेजारच्याला आणि विमानतळाच्या टॉवरला प्रत्येक शब्द नीट ऐकू गेला पाहिजे, म्हणून सावकाश बोलायचं, श्वास मोजून घ्यायचा. वीस-तीस वर्षांत हे गळ्यातच मुरतं. संकट जेवढं मोठं, तेवढा वैमानिक शांत. जावईबापूने असा माणूस कधी ऐकलाच नव्हता.

नलिनीने एकोणिसावं पान काढलं. त्या दिवशी, माधवच्या त्या वाक्यानंतर, ती फक्त तीन वाक्यं बोलली होती. रागाने तिला समोरची भिंत दिसेनाशी झाली होती. पानावर खाली लिहिलं होतं: 'पक्ष निवळला आहे. आठ महिने थांबावे.'

आणि कंपनी बरोबर आठ महिने थांबली होती.

पहिल्या बैठकीत ती हसत, हातवारे करत, मोठ्याने वाद घालत होती. तेव्हा तिला वाटायचं, महिन्याभरात जमेल. त्या पानावर लाल अक्षरं होती: 'धोका. सवलत द्यावी.' त्या दिवशी विश्रांतीचे दोन तास वाढवून मिळाले होते. साडेतीन वर्षांत मिळालेली तेवढी एकच गोष्ट.

"म्हणजे आपण जेवढे चिडलो, तेवढं यानं आपल्याला मवाळ लिहिलं," सुमेध डोकं धरून म्हणाला. "आपल्याच शिस्तीनं आपल्याले खाल्लं मॅडम! आता ओरडायचं. एकोणीसला सगळ्यांनी ओरडायचं."

दुसऱ्या दिवशी संघटनेच्या कार्यालयात चाळीस कॅप्टन ओरडायला शिकायला जमले. सुमेध खुर्चीवर उभा राहिला. एकेकाला पुढे बोलावलं.

पहिले कॅप्टन बारापात्रे. एकोणतीस वर्षं उडवलेला माणूस. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "आम्ही अत्यंत संतापलेले आहोत."

"साहेब, हे तर तुम्ही सीटबेल्ट बांधायले सांगून राहिले!"

"पुन्हा म्हणतो. आम्ही अत्यंत संतापलेले आहोत. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

चाळीस जण हसले. दुसरा आला, तिसरा आला. एकाने शिवी दिली, तीही तापमान सांगितल्यासारखी. हळूहळू हसणं थांबलं. बारापात्रे कोपऱ्यात बसून म्हणाले, "माझी बायको हेच म्हणायची. तुमच्याशी भांडताही येत नाही, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. शेवटी गेली ती माहेरी." मग कुणीच पुढे आलं नाही.

सोळा तारखेला नलिनीची सहामाही परीक्षा होती. दर सहा महिन्यांनी वैमानिकाला सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, बसवून नाही नाही ती संकटं अंगावर घालतात. कागदावर परीक्षक म्हणून माधव निनावे याचं नाव होतं. प्रमुख माणूस एरवी परीक्षा घेत नाही. सहवैमानिक आजारी असल्याचं सांगून तो स्वतःच उजव्या खुर्चीत बसला. कित्येक वर्षांनी पुन्हा तीच खुर्ची, तोच खांदा. दोघंही एकमेकांकडे न पाहता पट्टे आवळत होते.

उड्डाणानंतर चौथ्या मिनिटाला घंटा वाजली.

"डावं इंजिन, आग," नलिनी म्हणाली. "इंधन बंद कर. टॉवरला सांग, परत येतोय."

"इंधन बंद. टॉवरला सांगतो."

तिने विमान उतरवलं. माधवने एकेक बटण बंद केलं. आत अंधुक उजेड उरला.

"ऐकलास माझा आवाज?" तिने विचारलं.

"ऐकला."

"एकोणिसाव्या बैठकीत हाच होता. तू समोर होतास."

"हो."

"सत्तेचाळिसाव्यातही."

"हो, ताई."

"ताई म्हणू नको. म्हणजे तुला माहीत होतं. जावईबापू उलटं वाचतोय, हे तुला माहीत होतं."

"पहिल्या वर्षापासून." माधव समोरच्या काळ्या पडद्याकडे पाहत म्हणाला. "मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी त्याला वैमानिकांचे आवाज शिकवले असते. कॉकपिटमधली हजारो तासांची रेकॉर्डिंग पडली आहेत. मग त्याला तुमचं खरं टोक कळलं असतं. दर वेळी टोकाच्या एक दिवस आधी तुमच्यापुढे तुकडा टाकला असता, आणि तुम्ही पुन्हा थांबला असता. जन्मभर. आता निदान ते आंधळे आहेत."

"म्हणजे आमच्यावर उपकार केलेस."

"मी तसं म्हटलं नाही."

"नाहीच म्हटलंस. तू काहीच म्हटलं नाहीस. त्यांना नाही, आणि मलाही नाही. दारात येऊन सांगायचं होतंस. ताई, तुम्ही शांत राहताय म्हणून ते थांबतायत. एवढं एक वाक्य. आठ महिने वाचले असते."

"माझी नोकरी गेली असती."

"आता खरं बोललास."

माधवचा चेहरा पडला. पट्टा सोडवत त्याने विचारलं, "एकोणीसला खरंच थांबणार?"

"तू सांग. आवाजावरून."

त्याने परीक्षेच्या कागदावर 'उत्तीर्ण' लिहून सही केली आणि तिच्या आधी बाहेर पडला.

आता खरी धास्ती होती ती हीच. माधवने कारखानीसांच्या कानात एक वाक्य टाकलं असतं, तर कंपनी दुसऱ्याच दिवशी कोर्टातून मनाई घेऊन आली असती. मग एकतीस मे उलटला असता आणि उजवी खुर्ची कायमची गेली असती. सुमेध तीन दिवस म्हणत राहिला, "त्याच्याशी बोलायलाच नको होतं मॅडम. दुश्मनाच्या हाती चावी दिली तुम्ही."

"मग ओरडायचं की नाही?" त्याने शेवटी विचारलं.

"नाही. ओरडलो तर ते पुन्हा एक तुकडा टाकून एकतीस मे उलटवतील. आहोत तसेच जाऊ."

एकोणीस तारखेला सकाळी दहा वाजता बाहेर पंचेचाळीस अंश तापलं होतं आणि आत सगळ्यांच्या अंगावर काटा येईल इतकं गार होतं. कारखानीस नेहमीसारखे प्रसन्न होते. संध्याकाळच्या विमानांची तिकिटं अजून विकली जात होती. म्हणजे माधव बोलला नव्हता. किंवा बोलला होता आणि कुणी ऐकलं नव्हतं.

"तर कॅप्टन, उजव्या खुर्चीबद्दल आमचं मत तुम्हाला माहीत आहे," कारखानीस म्हणाले. "जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बसू. आम्ही तुमचं ऐकतोय."

"आज बारा वाजता विमानं थांबणार आहेत," नलिनी म्हणाली.

दिवा हिरवा.

"तुमच्या भावना समजतात."

"तुम्हाले काय समजते हो?" सुमेध उसळला. "डबा काढा तिथून आणि आमच्या तोंडाकडे पाहा एकदा!"

दिवा क्षणभर पिवळा झाला. कारखानीस सावरून बसले. "गजभिये, शांत व्हा. तुमच्यासाठी आपण काहीतरी पाहू." सुमेध खुर्चीत मागे टेकला आणि दिवा पुन्हा हिरवा झाला.

नलिनीने कारखानीसांवरून नजर काढली आणि शेजारी वळवली.

"माधव," ती म्हणाली, "तू माझ्या शेजारी अकरा वर्षं बसलास. आम्ही थांबणार आहोत की नाही, ते तुझ्या साहेबांना सांग. आज हजारो माणसं ठिकठिकाणी अडकतील. अजून दीड तास आहे."

माधव पेनाचं टोपण काढत आणि लावत होता. कारखानीसांनी कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं, जणू परीक्षेला बसलेल्या मुलाकडे पाहावं तसं.

उत्तर नाही.

नलिनी थांबली. सहावा, सातवा, आठवा सेकंद. सुमेधने टेबलाखालून तिचा पाय दाबला, पुरे म्हणून.

"माधव, उत्तर दे."

पेनाचं टोपण खाली पडलं. तो ते उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

नलिनी उभी राहिली. खुर्ची नीट आत सरकवली. "कंट्रोल माझ्याकडे," ती म्हणाली.

टेबलाखालून माधवचं डोकं वर आलं. तोंडावरचं रक्त उतरलं होतं. त्या खोलीत त्या दोन शब्दांचा अर्थ कळणारे फक्त तिघं होते, आणि त्यांतले दोघं दाराकडे चालले होते.

"बसा ना कॅप्टन, चहा येतोय," मागून कारखानीस म्हणाले. "यंत्र बघा, तुम्ही सगळे किती शांत आहात!"

दुपारी बारानंतर गरुडपथचं एकही विमान उडालं नाही. जी हवेत होती ती एकेक करत उतरली. वैमानिकांनी दारात उभं राहून प्रत्येक प्रवाशाची माफी मागितली आणि ब्रेक लावून कागदपत्रं जमा केली. एका म्हाताऱ्या बाईंनी रायपूरला कॅप्टन बारापात्रे यांच्या अंगावर छत्री उगारली. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." दोन वाजेपर्यंत अकरा विमानतळांवर माणसं जमिनीवर बसलेली होती.

तीन वाजता संघटनेच्या कार्यालयातला फोन वाजला.

"हा काय प्रकार आहे?" कारखानीस ओरडत होते. आवाज चिरकत होता, श्वास लागला होता. "आम्हाला कल्पनाच नव्हती!"

"चौदा दिवसांपूर्वी कागद दिला होता. तुम्ही त्यावर ग्लास ठेवलात."

"पण तुम्ही, तुमचा आवाज... तुम्ही चिडलाच नव्हता! हे फसवणं आहे. ही दगाबाजी आहे! कंपनीचे अध्यक्ष माझ्या डोक्यावर बसलेत, बाहेर टीव्हीवाले आहेत, तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"आम्ही तुमचं ऐकतोय, कारखानीस साहेब," नलिनी म्हणाली.

पलीकडे काहीतरी आपटलं. खरखर झाली. मग फोन दुसऱ्याच्या हातात गेला.

"कॅप्टन भोयर." माधव होता. स्वर सपाट, एक सुरकुती नाही. कारखानीसांच्या खोलीत आग लागली असल्यासारखा. "अध्यक्षांनी सहीचा अधिकार मला दिलाय. कलम वाचा. मी परत म्हणतो."

टॉवरने सांगितलेलं वैमानिक शब्दन्‌शब्द परत म्हणतो. परत म्हटलं म्हणजे ऐकलं, मान्य केलं आणि तसंच करणार.

"कोणत्याही उड्डाणात, ते कितीही कमी वेळेचं असो, उजव्या खुर्चीत माणूस असेल," नलिनीने वाचलं.

"कोणत्याही उड्डाणात, ते कितीही कमी वेळेचं असो, उजव्या खुर्चीत माणूस असेल."

"वाटाघाटीच्या खोलीत आवाज मोजणारं यंत्र असणार नाही."

"वाटाघाटीच्या खोलीत आवाज मोजणारं यंत्र असणार नाही."

"बरोबर आहे. सही करून पाठव."

"पाठवतो." तो घुटमळला. "ताई, मी शेवटपर्यंत त्यांना सांगितलं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मलाही नाही सांगितलंस."

तिने फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत चाळीस कॅप्टन उभे होते. पंखे फिरत होते. नलिनी दारात आली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. तिने छाती भरून श्वास घेतला.

"उजवी खुर्ची राहिली," ती म्हणाली.

सुमेध तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. ही आनंदाची बातमी आहे की आगीची, हे त्याला आवाजावरून कळेना.